सर्जेरावला दहापैकी किती

"सर्जाला दहापैकी किती देतोस?" कुडाळकर सरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता इडली चटणीत बुडवली.

आदल्या संध्याकाळी आम्ही उपांत्य सामना जिंकला होता. हैदराबादच्या त्या हॉटेलात नाश्त्याला आलेला आमचा प्रत्येक माणूस लग्नघरातल्यासारखा हसत हिंडत होता. सामना एकट्या सर्जेराव खोतनं ओढून आणला होता. तो आमचा कर्णधार आणि पहिला चढाईपटू. शेवटच्या चढाईत तिघांना अंगावर घेऊन तो मध्यरेषेवर पडला, तेव्हा अख्खं स्टेडियम खुर्च्या सोडून उभं राहिलं होतं. सकाळी टीव्हीवर कुणी त्याला वाघ म्हणत होतं, कुणी सिंह. एकानं तर दोन्ही म्हटलं.

मी संघाचा सहायक प्रशिक्षक. सामना झाला की त्याचं चित्रण पुन्हा बघायचं, एकेकाची चढाई आणि पकड तपासायची आणि दहापैकी गुण द्यायचे, हे माझं काम. हरलेल्या सामन्यानंतर या कामाला फार मान असतो, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची चूक हवी असते. जिंकल्यावर मात्र चुका दाखवणारा माणूस म्हणजे दुधात मिठाचा खडा.

"शून्य," मी म्हणालो.

सर हसले. "सकाळी सकाळी चेष्टा?"

"चेष्टा नाही सर. उद्याच्या अंतिम सामन्यात त्याला खेळवू नका."

सरांचा हात ताटातच थांबला. माझ्याकडे त्यांनी नीट बघितलं. "भगवान, तो तुझ्या बहिणीचा नवरा आहे. घरात काही वाजलंय का?"

"घरात काही नाही. तुम्ही हे ऐका." मी हेडफोन त्यांच्यापुढे सरकवला.

चढाईपटूनं समोरच्यांच्या अंगणात जायचं ते 'कबड्डी, कबड्डी' म्हणत, एका श्वासात. मध्ये श्वास घेतला की तो बाद. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं. पण मोठ्या मैदानावर ढोल वाजत असतात, भोंगे वाजत असतात, आणि तो आवाज पंचापर्यंतसुद्धा धड पोचत नाही. मैदानाच्या कडेला लावलेल्या माईकमध्ये मात्र तो सापडतो. बाकीचे प्रशिक्षक चित्रण आवाज बंद करून बघायचे. मी डोळे मिटून ऐकायचो. खेळत होतो तेव्हा मी कोपऱ्यात उभा राहायचो. कोपऱ्यातल्यानं पायाकडे बघावं असं म्हणतात, पण मी आयुष्यभर कानानं खेळलो. समोरच्याचा आवाज पातळ व्हायला लागला की तो मागं फिरणार, आणि फिरतानाच त्याचा घोटा हातात येतो.

सरांनी हेडफोन लावला. मी त्यांना कालची शेवटची चढाई ऐकवली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, आणि मध्येच एक ओढ. विहिरीतलं पाणी तळाला गेलं की पंप जशी हवा ओढतो, तशी. मग पुन्हा कबड्डी.

"दम चोरतोय," सर म्हणाले.

"प्रत्येक चढाईत. उत्तरार्धात तर एकेका चढाईत दोनदा."

सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "मुरलेला गडी. पंचाच्या नाकाखाली चोरला आणि कुणाला पत्ता नाही. ह्याचे तर त्याला दोन गुण जास्त दे."

"सर, तो चोरत नाही. त्याला पुरत नाही."

"ह्या वयात कुणाला पुरतो?"

"गेल्या महिन्यापर्यंत पुरत होता. मग ताप आला. तो त्यानं अंगावर काढला, गोळ्या खाऊन खेळला. त्यानंतर हे सुरू झालंय. त्याची छाती तपासायला पाहिजे. आजच."

सरांनी पलीकडच्या टेबलावरच्या संघाच्या डॉक्टरला हाक मारली. पोरगेला डॉक्टर, नुकताच कामाला लागलेला. तो म्हणाला, नाडी थोडी जलद आहे, थकवा असेल, खात्री करायची तर मोठ्या दवाखान्यात नेऊन हृदयाची तपासणी करावी लागेल. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, सरांकडे बघत होता.

"परवा करा," सर म्हणाले. "सर्जेराव खोतला दवाखान्यात नेलं ही बातमी आज फुटली, तर उद्या समोरचे सातही जण छाती काढून येतील. परवा त्याला मुंबईला ने, दिल्लीला ने, मी खर्च करतो. उद्या तो खेळणार."

कुडाळकर सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन संघ अंतिम सामन्यापर्यंत नेले होते आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या हातात चषक बघून टाळ्या वाजवल्या होत्या. भुकेल्या माणसाला ताट वाढून समोर ठेवल्यावर उपासाचं महत्त्व सांगून उपयोग नसतो.

मी वर सर्जेरावच्या खोलीत गेलो. दार उघडंच होतं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, पाठीमागं सगळ्या उशा रचलेल्या. पलंगावरची चादर मोडलेलीसुद्धा नव्हती.

"दाजी, बसूनच झोपला हुता व्हय?"

"गादी लई मऊ हाय. पाठ धरती," तो म्हणाला. "ये पाव्हणं. किती गुण दिलंस मला?"

"चला, दवाखान्यात जाऊन येऊ. तासाभराचं काम हाय."

"परवा."

"सगळ्यांचं परवाच हाय."

तो हसला आणि हसता हसता थांबला, कारण हसायलाही त्याला श्वास लागत होता. मग त्यानं मला दार लावायला सांगितलं.

"भगवान, मला कळत न्हाय आसं समजू नगंस. चढाईला निघालो की छातीवर कुनीतरी बसल्यावानी हुतंय. पन ते अर्ध्या मिनिटाचं काम आसतंय. अर्धं मिनिट मी काय बी सोसतो."

"सोसायचा प्रश्न न्हाय दाजी. ते अर्धं मिनिट एखाद्या टायमाला पुरं हुनार न्हाय."

"मग न्हाय हुनार." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तुला ठावं हाय न्हवं, मी कसा आलोय हितवर. गावच्या जत्रंत खेळलो, साखर कारखान्याकडनं खेळलो, जिल्ह्याकडनं खेळलो. सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. पन असला मोठा चषक एकदा बी हातात आला न्हाय. पुढच्या सालाला लिलावात माझ्या नावाला कोन हात वर करनार हाय? उद्याचा एक दिस दे मला."

"माझ्या हातात काय हाय?"

"तू गप ऱ्हा, एवढंच तुज्या हातात हाय."

मी मान हलवली. तेव्हा तो खुर्चीतून पुढं वाकला आणि त्यानं माझे पाय धरले. आमच्याकडं जावयाचे पाय आपण धरतो. जावई मेव्हण्याच्या पायाला हात लावत नाही, चेष्टेतसुद्धा नाही. मी मागं सरकलो, पण तो वर येईना. एक हात माझ्या पायावर आणि एक हात पलंगाच्या काठावर, असा तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं, रडतोय. तो रडत नव्हता. त्याला वर येण्याइतका श्वास मिळत नव्हता. मी काखेत हात घालून त्याला खुर्चीत बसवलं. त्याचे ओठ जांभळट दिसत होते.

"शालनला फोन करू नगंस," त्याला बोलता आलं तेव्हा तो म्हणाला.

"करनार," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

माझी बहीण शालन माझ्यापेक्षा मोठी. मी तिला आक्का म्हणतो. गावी, वाळवा तालुक्यातल्या कुरळवाडीत, ती त्या वेळी शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकाला होती. फोन उचलला तेव्हा मागं भांड्यांचा आवाज येत होता. जिंकल्याचं तिनं बघितलं होतं, आवाजात गोडवा होता. मी तिला फार काही सांगितलं नाही. बाजूला ये आणि हे ऐक म्हणालो, आणि फोन हेडफोनला टेकवला.

सर्जेरावची ती चढाई आक्कानं शेवटपर्यंत ऐकली. 

"भगवान," ती म्हणाली, "किसनदादाचा आवाज तुज्याकडं कुटनं आला?"

 पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तेच वाटलं होतं. मी कुणाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नीट नाही.

किसन आमचा थोरला भाऊ. गावच्या जत्रेतला सामना होता, शेजारच्या गावाबरोबर. त्याला ताप येऊन गेला होता आणि तो त्यानं अंगावर काढला होता, कारण जत्रेचा सामना सोडतो कोण. मी तेव्हा चौथीत होतो. मैदानाच्या दोरीला धरून मी आणि आक्का उभे होतो. त्याच्या आवाजात मध्येच ती ओढ येत होती आणि पलीकडच्या गावची माणसं 'दमचोर, दमचोर' म्हणून ओरडत होती. आमच्यात यापेक्षा मोठी शिवी नाही. मग आमच्या गावची माणसंही चिडली. त्यांना लाज वाटली. किसनदादा मध्यरेषेच्या अलीकडं पडला तेव्हा सगळे हसले. चोरी सापडली म्हणून सोंग करतोय असं सगळ्यांना वाटलं. आमचे वडील पंचांत बसले होते. त्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी लांबूनच हाक मारली, ऊठ म्हणून. हाका मारून झाल्यावर मग कुणीतरी जवळ गेलं.

"आक्का, किसनदादा न्हाय," मी म्हणालो. "दाजी हायत. कालची चढाई हाय."

पलीकडं कुणालातरी स्वयंपाक बघायला सांगून ती परत फोनवर आली.

"काय बी कर," ती म्हणाली. "पाय मोड त्यांचा, कोंडून घाल. पन त्यांला मैदानात जाऊ दिऊ नगंस. मी निघतो. पोचस्तवर तू हायस तितं."

तिनं त्याला फोन लावला. त्यानं तिचा फोन उचलला नाही, आणि मग बंदच करून ठेवला.

तो अख्खा दिवस मी उंबरे झिजवले. संघाच्या व्यवस्थापकाकडं गेलो, तो म्हणाला मालकांना विचारतो. मालक विमानात होते. पुन्हा डॉक्टरकडं गेलो, त्यानं हात जोडले. सरांपुढं पुन्हा उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला सांगितलं की तुझ्यामुळं संघात अपशकुन होतोय, उद्यापर्यंत तोंड दाखवू नकोस. शेवटी सर्जेरावच्या खोलीला बाहेरून कडी घालावी असंही मनात आलं आणि मी खरंच जाऊन बघितलं. हॉटेलच्या दारांना बाहेरून कड्या नसतात. त्या दारासमोर मी उभा राहिलो आणि मला रडू आलं. एवढी माणसं त्याच्यावर जीव टाकत होती आणि त्याचा जीव वाचवायला त्यातलं एकही मोकळं नव्हतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी पंचांची आणि दोन्ही संघांची बैठक असते. गणवेशाचे रंग ठरतात, खेळाडूंची नावं दिली जातात आणि कुणाची काही हरकत असेल तर ती ऐकतात. मी तोंड दाखवायचं नाही असं सरांनी सांगितलं होतं, पण गळ्यात ओळखपत्र होतं. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. मुख्य पंच चौधरी हे हरियाणाचे, उंचेपुरे, कडक. सगळं आटपल्यावर त्यांनी विचारलं, कुणाची काही हरकत?

मी उभा राहिलो.

आजारी आहे म्हटलं असतं तर डॉक्टरचा कागद पुढं आला असता, खेळण्यास योग्य म्हणून. पंच कागद मानतो. आजाराशी त्याला कर्तव्य नसतं. पण एक गोष्ट अशी आहे, जी कानावर घातली की पंचाला ती तपासावीच लागते.

"सर्जेराव खोत दम चोरतो," मी म्हणालो. "उपांत्य सामन्यात प्रत्येक चढाईत चोरला आणि तुमच्या पंचांना तो ऐकू आला नाही. माझ्याकडं आवाज आहे. आज त्याच्या प्रत्येक चढाईला पंचानं त्याच्या पाठीमागं राहून ऐकावं, अशी माझी हरकत आहे."

 चौधरींनी चष्मा काढला.

"तुम्ही कोणत्या संघाचे?"

"त्याच्याच."

समोरच्या संघाचा प्रशिक्षक आधी हसला आणि मग त्यालाही हसवेना. चौधरींनी हेडफोन मागितला, ऐकला, आपल्या दोन्ही पंचांना ऐकवला. कुडाळकर सर तोवर माझ्यापर्यंत पोचले होते. त्यांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र ओढलं. दोरी मानेला कापत निघाली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजणारा," ते एवढंच म्हणाले. 

संध्याकाळी मी तिकीट काढून आत गेलो आणि लोकांत बसलो. आक्काला रात्रीची गाडी मिळाली नव्हती, सकाळी निघालेली ती अजून वाटेतच होती, रस्त्यावर कुठंतरी मालमोटार उलटली होती आणि गाड्या अडकल्या होत्या. माझी जागा इतकी वर होती की खेळाडू पाटावरच्या सोंगट्यांएवढे दिसत होते. सर्जेराव मैदानात आला तेव्हा त्याचं नाव घेऊन लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. त्यानं माती नसलेल्या त्या रबरी मैदानाला हात लावून कपाळाला लावला.

पहिली चढाई त्याचीच. पंच त्याच्यामागं मध्यरेषेपर्यंत गेला आणि तिथंच वाकून, कान पुढं काढून उभा राहिला. सर्जेराव आत गेला, एकाला हात लावला, वळला आणि शिट्टी झाली. पंचानं त्याला बाद दिलं. त्याला कळेना. त्यानं दोन्ही हात पसरले. कुडाळकर सर कडेवरून ओरडत होते.

दोघं-तिघं मारून आमच्या पोरांनी त्याला पुन्हा आत आणलं. दुसऱ्या चढाईला शिट्टी आणखी लवकर झाली. आता मोठ्या पडद्यावर ती चढाई आवाजासकट दाखवली. पंपानं हवा ओढावी तसा तो आवाज हजारो माणसांनी ऐकला. आधी कुजबुज झाली, मग वरच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून एकजण ओरडला, "चोर." आणि तो शब्द गवताला आग लागावी तसा सगळीकडं पसरला. चोर, चोर, चोर. टाळ्यांच्या तालावर. माझ्या शेजारचा माणूसही ओरडत होता, आणि तो चांगला घरंदाज दिसत होता.

मला बरं वाटलं, ते लपवत नाही. आता सर त्याला बाहेर घेतील, आणखी पाच मिनिटांत हे सगळं संपेल असं मी स्वतःला सांगत होतो.

पोरांनी त्याला पुन्हा आत आणलं, आणि तिसऱ्या चढाईला तोच आला.

मध्यरेषेवर उभं राहून त्यानं लोकांकडं एकदा बघितलं आणि छाती भरून घेतली. मला तेव्हाच कळलं तो काय करणार आहे, आणि मी उठून ओरडायला लागलो. माझं कोण ऐकणार. तो आत गेला आणि या वेळी त्यानं श्वास घेतला नाही. चोर नाही हे त्याला दाखवायचं होतं. पडद्याखालच्या भोंग्यातून त्याचा आवाज येत होता, कबड्डी, कबड्डी, अखंड, पातळ, आणखी पातळ, एखादा धागा ताणत न्यावा तसा. समोरचे सगळे मागं मागं सरले. त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्याला धरायला कुणी पुढं येईना. तो फिरतच राहिला. मी हे करून बसलो होतो. मी त्याला बाहेर काढायला गेलो होतो आणि आता माझ्या त्या एका शब्दापायी तो तिथं उभ्या उभ्या जीव देत होता. आयुष्यात मी देवाला फार काही मागितलेलं नाही. त्या वेळी मागितलं, की ह्याला एक श्वास चोरू दे.

तो परत आला. कुणालाही न शिवता मध्यरेषेला हात लावला आणि गुडघ्यांवर बसला. शिट्टी झाली नाही. पंचानं हात आडवा करून चढाई बिनचूक असल्याचं दाखवलं. लोक गप्प झाले. सर्जेराव उठेना. डोकं जमिनीला टेकवून तो तसाच राहिला आणि त्याची पाठ खालीवर होत होती, ती इतक्या वरूनही मला दिसत होती.

कुडाळकर सर धावत आत गेले. आत जायची परवानगी नसते, तरी गेले. त्याच्याजवळ बसून त्यांनी त्याच्या पाठीला कान लावला. काय ऐकलं ते त्यांनाच ठाऊक. उठले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बदली खेळाडूसाठी हात वर केला. सर्जेराव मान हलवत होता, त्यांचा सदरा धरून ओढत होता. दोघांनी त्याला उचलून बाहेर आणलं.

तो सामना आम्ही हरलो. किती गुणांनी, ते बाकीच्यांना पाठ आहे.

आक्का पोचली तेव्हा मैदानात दिव्यांच्या वायरी गुंडाळत होते आणि आम्हाला दाराशी कुणी अडवलं नाही. खेळाडूंच्या खोलीत सर्जेराव, दवाखान्यात जायला नकार देऊन, डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "उठा," म्हणाली. आजपर्यंत ती त्याला अशी कधी बोलली नसावी. तो उठला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर बघता बघता दोनदा विचारलं की हा माणूस आज खेळलाय का. तापातून हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. त्या म्हणाल्या, आणखी एक-दोन चढाया झाल्या असत्या तर तुम्ही त्याला माझ्याकडं आणलंच नसतं. सहा महिने अंथरूण, मग बघू. खेळणं विसरा. कुडाळकर सर दाराशी उभे होते. ऐकून ते बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर तोंड झाकून बसले.

मी आत गेलो. सर्जेरावच्या नाकाला नळी होती. मी काही बोलण्याआधीच तो बोलला.

"मेलो आसतो तर गावात फोटू लावला आसता माझा. वर्साला सामनं भरवलं आसतं माझ्या नावानं." त्याला मध्ये थांबावं लागलं. "आता काय लावतील, भगवान? चोर म्हनत हुती सगळी. टाळ्या वाजवून."

"किसनदादाचा फोटो लावलाय गावात," मी म्हणालो. "सामनं बी भरवत्यात. ज्यांनी दमचोर म्हटलं तीच मानसं हार घालत्यात. आक्का त्या रस्त्यानं जात न्हाय, दाजी. लांबनं फिरून जाती."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्याचं ते माझ्याशी शेवटचं बोलणं. मला कबड्डीत पुन्हा कुणी काम दिलं नाही, देणारही नव्हतं. त्याची मला तक्रार नाही. मी इस्लामपुरात खताचं दुकान टाकलं, ते बरं चाललंय.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. दर भाऊबीजेला मी कुरळवाडीला आक्काकडं जातो. माझी मोटरसायकल दारात लागली की सर्जेराव हातातलं काम टाकतो, माझ्याकडं न बघता माझ्यासमोरून जातो आणि माडीवर निघून जातो. केस पिकलेत, अंगानं भरलाय. आक्का पाट मांडते, मी बसतो, ती ओवाळायला लागते. आम्हा दोघांचाही कान तिकडंच असतो. लाकडी जिना आहे, उभा, दमवणारा. तो रागानं पाय आपटत चढतो, खालपासून वरपर्यंत, आणि मध्ये कुठंही थांबत नाही.